ढगाखालून डोकावायचा मोह : जुनी प्रवासी विमानं खराब हवेत उतरतानाच का पडायची

प्रश्न असा आलाय की १९२० पासून ते जेट येईपर्यंतच्या काळात प्रवासी विमानांचे इतके अपघात खराब हवेत आणि त्यातही उतरतानाच का व्हायचे, वारा, पाऊस आणि धुकं यातलं सगळ्यात घातक काय, आणि समोर काही दिसतच नसेल तर पायलट खाली यायचाच कशाला. मी हवाई वाहतूक नियंत्रणात, म्हणजे एटीसीत, एकतीस वर्षं होतो, त्यातली बरीचशी मुंबईत, आधी टॉवरवर आणि मग अप्रोचला, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांना वाट दाखवणाऱ्या विभागात. जुने अपघात अहवाल वाचायची सवय नोकरीतच लागली आणि रिटायर झाल्यावरही गेली नाही, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ सांगतो. सगळ्यात घातक दाट धुकं नव्हतं, वादळही नव्हतं. सगळ्यात घातक होती ती अर्धवट दिसणारी हवा. चांगला दाट फॉग असला की बहुतेक वेळा विमान निघायचंच नाही, नाहीतर दुसरीकडे वळवायचे. वाऱ्यापावसात चाकं मोडायची, पंख घासायचा, विमान नाकावर उभं राहायचं, पण लोक बरेचदा आपल्या पायांनी बाहेर यायचे. माणसं जास्त गेली ती या दोन्हींच्या मधल्या हवेत, जिथे ढगाच्या फटीतून शेत दिसतंय, रस्ता दिसतोय, चार घरं दिसतायत, आणि पायलटला वाटतं की अजून शंभरेक फूट खाली गेलो की सगळं मोकळं होईल. ते शंभर फूट कुठे डोंगरात संपले, कुठे समुद्रात, कुठे विजेच्या तारांत.

वाऱ्याचं आधी उरकतो कारण त्यात फार सांगण्यासारखं नाही. सुरुवातीची विमानं हलकी, पंख मोठे, वेग कमी. इम्पीरियल एअरवेजचं हँडली पेज ४२ हे चार इंजिनांचं अवाढव्य दुपंखी विमान ताशी साधारण १६० किलोमीटरने जायचं आणि उतरताना त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे हायवेवरच्या गाडीच्या वेगाने जमिनीला लागायचं. एवढ्या वेगात आपटलं तर लाकूड-कापड-पत्रा मोडतो पण माणूस वाचायला वाव असतो. शिवाय तेव्हाचा विमानतळ म्हणजे गवताचं मोठं मैदान, ठरलेला रनवे नाहीच, वाऱ्याची कापडी नळी बघायची आणि वाऱ्याला तोंड करून पाहिजे त्या बाजूने उतरायचं, त्यामुळे क्रॉसविंडची, म्हणजे आडव्या वाऱ्याची, जी धास्ती आज असते ती तेव्हा फारशी नव्हती. ही धास्ती आली सिमेंटच्या रनवेबरोबर, आणि तिने एक मोठा अपघात कसा घडवला ते पुढे सांगतोच. पण तो मोठा पंख जमिनीवर आला की वैरी व्हायचा, मार्च १९४० मध्ये ब्रिस्टलजवळ व्हिटचर्चला हेराक्लिस आणि हॅनो ही दोन हँडली पेज नुसती उभी असताना वादळी वाऱ्याने एकमेकांवर आपटून कायमची कामातून गेली.

पाऊस म्हणजे चिखल. आपल्याकडचंच उदाहरण आहे, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले ते कोरड्या मोसमात, पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं आणि मग सगळं बिऱ्हाड, म्हणजे दोन विमानं, तीन पायलट आणि तीन मेकॅनिक, पुण्याला हलायचं. हा निर्णय साधा वाटतो पण त्यात मोठं शहाणपण आहे, कारण जिथे उतरताच येणार नाही तिथे उतरायचा प्रयत्नच करायचा नाही हे त्यांनी मोसम सुरू व्हायच्या आधी ठरवून टाकलं होतं, पावसात विमान वर घिरट्या घालत असताना नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या गोष्टी यावरच येतात.

आता मुख्य मुद्दा. तेव्हा पायलट रस्ता शोधायचा तो खाली बघून. रेल्वेचे रूळ, नदी, रस्ता. लंडन-पॅरिस मार्गावर तर सगळे तेच करायचे, आणि हवा कुंद झाली की रूळ किंवा रस्ता सुटू नये म्हणून अजून खाली यायचे. ७ एप्रिल १९२२ ला फ्रान्सच्या पिकार्डी भागात धुक्यात एक ब्रिटिश डी हॅविलंड आणि एक फ्रेंच फार्मन गोलिएथ समोरासमोर धडकले, सातही जण गेले. दोन्ही विमानं एकाच रस्त्यावरून जात होती, एक इकडून एक तिकडून. ही टक्कर लँडिंगमधली नाही, पण सवय तीच आहे, दिसेनासं झालं की खाली या. आज आम्ही शिकवतो ते अगदी उलटं, दिसेनासं झालं की वर जा. उलटं शिकवायला लागलं कारण माणसाचा स्वभावच जमिनीकडे धाव घ्यायचा आहे, घाबरलेल्या माणसाला जमीन दिसली की धीर येतो.

आता एक प्रसंग सांगतो जो मला फार जवळचा वाटतो. १९३४ ची इंग्लंड ते मेलबर्न विमान शर्यत, २० ऑक्टोबरला मिल्डनहॉलहून सुटली. त्यात केएलएम या डच कंपनीचं उइव्हर नावाचं डीसी-२ होतं, शर्यतीचं खास विमान नव्हे, साधं प्रवासी विमान, आणि त्यात तीन प्रवासीसुद्धा होते. कॅप्टन कोएने डिर्क पार्मेंटियर आणि त्याच्या जोडीला मोल. शेवटच्या टप्प्यात, मेलबर्न ३०० किलोमीटरच्या आसपास राहिलेलं असताना रात्री हे विमान वादळी ढगांत अडकलं, रस्ता चुकला, आणि खाली ऑलबरी नावाच्या गावावर ते घिरट्या घालायला लागलं. गावातल्या लोकांना वर इंजिनाचा आवाज ऐकू येतोय, ढगाच्या फटीतून दिवे दिसतायत, गेलं वाटेपर्यंत परत येतंय. गावात विमानतळ नाही. तेव्हा वीजपुरवठ्याच्या माणसांनी अख्ख्या गावाचे दिवे चालू-बंद करून मोर्समध्ये गावाचं नाव आकाशाला सांगितलं, ए एल बी यू आर वाय. आणि स्थानिक रेडिओवरून निवेदकाने लोकांना सांगितलं की ज्यांच्याकडे मोटारगाड्या आहेत त्यांनी घोड्यांच्या रेसकोर्सवर यावं. लोक मध्यरात्र उलटून गेलेली असताना पावसात गाड्या घेऊन आले, हेडलाइट लावून रांगेत उभ्या केल्या, आणि त्या उजेडाच्या पट्ट्यात पार्मेंटियरने डीसी-२ उतरवलं. चाकं चिखलात रुतली. सकाळी गावकऱ्यांनी दोर लावून विमान ओढून काढलं, वजन कमी करायला प्रवासी आणि टपाल मागे ठेवलं, आणि तेवढं हलकं होऊन ते उडालं आणि मेलबर्नला दुसरं आलं.

या लँडिंगचं इतकं कौतुक झालं की त्यातली खरी गोष्ट लोक विसरतात. ते वाचले कारण त्या रात्री त्यांना तीन गोष्टी कळल्या, आपण कोणत्या गावावर आहोत, मैदान नेमकं कुठे आहे, आणि ते केवढं आहे. पायलट हुशार होता यात शंका नाही, पण हुशार पायलट दोन महिन्यांनी त्याच उइव्हरवरही असणार ना, तरी २० डिसेंबर १९३४ ला ते विमान दुसऱ्या क्रूसोबत इराकच्या वाळवंटात रुतबाजवळ वादळी हवेत कोसळलं आणि सातही जण गेले. तिथे कोणी दिवे लावायला नव्हतं.

पार्मेंटियरचं नाव लक्षात असू द्या, तो पुन्हा येणार आहे.

आता उंचीचं बोलू, कारण दिसत नसताना जमीन किती खाली आहे हे सांगणारं एकच यंत्र होतं, अल्टिमीटर. हे यंत्र खरं तर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतं आणि तो फुटांत दाखवतं. जुने अल्टिमीटर म्हणजे एक काटा, काटा हळू सरकायचा, उतरताना मागे पडायचा, शंभर फूट इकडे-तिकडे म्हणजे त्याच्या लेखी काहीच नाही. हजारो फुटांवर याने बिघडत नाही, पण शेवटच्या तीनशे फुटांत शंभरची चूक म्हणजे जीव. २४ सप्टेंबर १९२९ ला अमेरिकेत मिचेल फील्डवर जिमी डूलिटलने झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून नुसत्या यंत्रांवर टेक-ऑफपासून लँडिंगपर्यंत विमान उडवून दाखवलं तेव्हा त्याच्याकडे कोल्समनचा नवा नाजूक अल्टिमीटर होता आणि स्पेरीचं कृत्रिम क्षितिज आणि दिशा दाखवणारा जायरो. खबरदारी म्हणून पुढच्या सीटवर बेन केल्सी बसला होता पण त्याने हात लावला नाही. माझ्या मते विमान वाहतुकीच्या इतिहासात ही पंधरा मिनिटं फार मोठी आहेत, कारण त्या दिवशी न बघता उतरता येतं हे सिद्ध झालं.

पण अल्टिमीटरला खालचा दाब सांगावा लागतो, तो स्वतःहून ओळखत नाही. त्याच्या तोंडावर एक छोटी खिडकी असते, बाजूला एक बटण, ते फिरवून त्या खिडकीत विमानतळाचा त्या वेळचा दाब लावायचा. एक हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक) चुकला की साधारण २८ फूट चुकतात. मुंबईचं उदाहरण घ्या, वर सगळी विमानं १०१३ या ठरलेल्या आकड्यावर उडतात, आणि जुलैमध्ये मुंबईचा दाब १००३-१००४ असतो, कमी दाबाचा पट्टा जवळ आला तर हजाराच्याही खाली जातो. म्हणजे खाली येताना पायलट आकडा बदलायला विसरला तर अल्टिमीटर त्याला खऱ्यापेक्षा पावणेतीनशे-तीनशे फूट जास्त उंची दाखवणार. काटा म्हणतोय एक हजार, विमान सातशेवर. आणि हे बरोबर त्याच दिवसात घडतं ज्या दिवसात ढग खाली असतात, कारण कमी दाब आणि खराब हवा एकत्रच येतात. निसर्गाची ही जोडी जुन्या पायलटांना फार महागात पडली, कारण तेव्हा खालचा दाब रेडिओवर वेळेवर मिळेलच याची काही खात्री नव्हती.

मग दिसत नसताना उतरवायचं कसं, यावर जर्मनांनी आधी एक पद्धत काढली, तिला झेडझेड लँडिंग म्हणायचे. ही पद्धत मला एटीसीवाला म्हणून फार आवडते कारण यात सगळा भार जमिनीवरच्या माणसावर होता. विमानतळावर रेडिओ ऑपरेटर दिशा शोधणाऱ्या एरियलवर विमानाचा सिग्नल कुठल्या दिशेने येतोय ते बघायचा आणि मोर्समध्ये पायलटला बेअरिंग, म्हणजे दिशा, द्यायचा. विमान आधी मैदानाच्या डोक्यावर आणायचं, मग ठरलेल्या दिशेने काही मिनिटं बाहेर पाठवायचं, मग वळवून परत, उंची कमी करत करत. आणि मैदानाच्या कडेला एक माणूस धुक्यात नुसता कान लावून उभा. इंजिनाचा आवाज कुठून येतोय, किती जवळून येतोय, सरळ येतंय की बाजूने, हे ऐकून तो सांगायचा आणि मग विमानाला शेवटचा संदेश जायचा, झेडझेड म्हणजे उतर, जेजे म्हणजे उतरू नको, वर जा. तुम्ही कल्पना करा, खाली उभा राहून आवाजावरून ठरवायचं की वरच्या दहा-पंधरा माणसांना खाली येऊ द्यायचं का नाही. मी रडारवर बसून काम केलंय तरी पावसाळ्यात एखाद्या दिवशी घशाला कोरड पडायची, या माणसांकडे तर फक्त कान होते.

नंतर लोरेंझ बीम आला, १९३० च्या दशकात बर्लिनच्या टेम्पलहोफला आणि मग युरोपात ठिकठिकाणी. पायलटच्या हेडफोनमध्ये रनवेच्या एका बाजूला गेलात की टिंब, दुसऱ्या बाजूला गेलात की रेघ, बरोबर मधे असलात की दोन्ही मिळून सलग एक सूर. अमेरिकेत २६ जानेवारी १९३८ ला पेनसिल्व्हेनिया सेंट्रल एअरलाइन्सचं बोइंग २४७ प्रवाशांना घेऊन वॉशिंग्टनहून पिट्सबर्गला हिमवादळात यंत्रांच्या मार्गदर्शनावर उतरलं, आजच्या आयएलएसच्या, म्हणजे रेडिओ लहरींवर रनवेची दिशा आणि उतार दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, घराण्यातली ती पहिली नियमित प्रवासी विमानाची लँडिंग मानतात. म्हणजे दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी तंत्र हातात आलं होतं. तरीही अपघात थांबले नाहीत, उलट १९४० च्या दशकाच्या शेवटी आणि १९५० च्या सुरुवातीला एकेका अपघातात चाळीस-पन्नास माणसं जायला लागली, कारण विमानं मोठी आणि वेगवान झाली, विमानतळ मात्र मागेच राहिले.

तुमचा तिसरा प्रश्न, दिसत नव्हतं तर खाली यायचाच कशाला. पहिलं कारण पेट्रोल. ६ मे १९३५ ला टीडब्ल्यूए या अमेरिकन कंपनीचं डीसी-२ कॅन्सस सिटीकडे येत होतं, तिथे ढग ठरलेल्या मर्यादेच्या खाली आलेले, रेडिओचा घोटाळा, पेट्रोल संपत आलेलं, म्हणून कर्क्सव्हिलच्या आणीबाणीच्या मैदानाकडे जाताना मिसुरीतल्या अटलांटा गावाजवळ ते खालच्या धुक्यात जमीन शोधता शोधता जमिनीलाच लागलं. पाच जण गेले, त्यात अमेरिकन सिनेटर ब्रॉन्सन कटिंग होते, म्हणून सिनेटने चौकशी समिती बसवली आणि त्यातून पुढे १९३८ चा नागरी विमान वाहतुकीचा कायदा आला. आणि २५ डिसेंबर १९४६ ला शांघायला तर एकाच रात्री तीन प्रवासी विमानं धुक्यात उतरायचा प्रयत्न करता करता पडली, साठहून जास्त माणसं गेली. नाताळची रात्र, सगळ्यांना घरी पोचायचं, खाली शहर आहे हे माहीत आहे, आणि दुसरीकडे जायला टाकीत पुरेसं उरलेलं नाही. पायलट मूर्ख होते असं म्हणणारे लोक मी पाहिलेत, मला ते बोलणं सहन होत नाही. टाकीत अर्ध्या तासाचं पेट्रोल असताना माणूस जो निर्णय घेतो त्याची खरी चूक चार तास आधी, निघताना झालेली असते, आणि तेव्हा ती अनेकांनी मिळून केलेली असते.

दुसरं कारण म्हणजे आपण कुठे आहोत याची खोटी खात्री. २ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिश साउथ अमेरिकन एअरवेजचं स्टार डस्ट ब्युनोस आयरिसहून सँतियागोला जाताना अँडीज पार झालाय असं समजून खाली यायला लागलं. वर ढग, खाली ढग, आणि समोरून जेट स्ट्रीमचा, म्हणजे फार उंचावरच्या वेगवान झोताचा, प्रचंड वारा, ज्याची तेव्हा पायलटांना नीट माहितीच नव्हती. घड्याळाप्रमाणे पर्वत मागे पडायला हवा होता, प्रत्यक्षात तो समोर होता. अकरा माणसं अँडीजमधल्या टुपुंगाटो शिखराच्या हिमनदीत गेली आणि पन्नास वर्षांनी, १९९८ पासून पुढे, बर्फाने अवशेष बाहेर टाकले तेव्हा कोडं सुटलं. जेट आल्यावरही हे संपलं नाही, ७ जुलै १९६२ ला अलितालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईला येताना रात्री, पावसाळ्यात, आपण मुंबईच्या जास्त जवळ आलोय असं समजून लवकर खाली आलं आणि जुन्नर भागात डोंगरावर आदळलं, ९४ जण. जुन्नरकडच्या लोकांना ही गोष्ट अजून ठाऊक आहे.

आणि तिसरं कारण तेच, अर्धवट दिसणं. आता पार्मेंटियरकडे परत येऊ. २० ऑक्टोबर १९४८, म्हणजे ती शर्यत सुटली त्या तारखेला बरोबर चौदा वर्षांनी, तो केएलएमचं नाइमेखेन नावाचं कॉन्स्टेलेशन घेऊन अॅमस्टरडॅमहून न्यूयॉर्कला निघाला, वाटेत स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकला थांबा. तिथे एका मोठ्या रनवेवर रडारने उतरवायची सोय होती, पण त्यावर क्रॉसविंड. दुसऱ्या रनवेवर वारा बरोबर, पण तिथे रडार नाही, डोळ्यांनी बघून वळसा घालून यायचं. (म्हटलं होतं ना, सिमेंटच्या रनवेने क्रॉसविंडची धास्ती आणली.) रडारवाल्या रनवेकडे येऊन त्याने तो प्रयत्न सोडला आणि दुसऱ्यासाठी वळसा घ्यायला लागला. रनवेचे दिवे दिसत होते, जमीन दिसत होती. ढग त्याला अपेक्षित होते त्यापेक्षा खाली उतरले होते, आणि वळसा घेताना समोर जो एक धुक्याचा तुकडा आला तो पार करायला काही सेकंद लागतील असं वाटण्यासारखाच होता. तो तुकडा नव्हता, ढगाचं खालचं अंग होतं, आणि त्यात साडेचारशे फुटांवर उच्च दाबाच्या विजेच्या तारा होत्या. कंपनीने दिलेल्या नकाशात त्या भागातली उंची ४५ फूट छापलेली, तारांचा पत्ताच नाही. चाळीस माणसं होती, एकही वाचलं नाही. ज्या माणसाने अनोळखी गावात मोटारींच्या उजेडात रेसकोर्सवर विमान उतरवलं तो जगातल्या चांगल्या सोयीच्या विमानतळाशेजारी गेला. ऑलबरीला त्याला खालून कोणीतरी खरी माहिती देत होतं, प्रेस्टविकला त्याच्या मांडीवरचा कागदच चुकीचा होता. हा अहवाल मी तरुणपणी वाचला तेव्हा आमच्याकडच्या चार्टवरचा एकेक उंचीचा आकडा मूळ यादीशी ताडून बघत बसलो होतो दोन रात्री.

त्यानंतर नऊ महिनेसुद्धा झाले नाहीत आणि केएलएमचंच फ्रानेकर हे कॉन्स्टेलेशन मुंबईत पडलं. १२ जुलै १९४९. जकार्ताहून, तेव्हाच्या बटाव्हियाहून, अमेरिकन पत्रकारांना इंडोनेशियाचा दौरा करवून परत नेणारं विमान, दिल्लीहून मुंबईला येत होतं, सांताक्रूझला उतरायचं. तेरा अमेरिकन पत्रकार होते, त्यात पुलित्झर मिळालेले एच. आर. निकरबॉकरही होते. सकाळची वेळ, जोरदार पावसाळी हवा, खाली उतरलेले ढग. विमान घाटकोपरच्या डोंगराला ६७४ फुटांवर धडकलं, पंचेचाळीस जण गेले.

हा डोंगर मी रोज बघितलाय म्हणून सांगतो. टॉवरवरून पूर्वेला बघितलं की उन्हाळ्यात तो अगदी हाताशी वाटतो, झाडं, घरं, वर चढत गेलेल्या झोपड्या सगळं दिसतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तो असतो आणि नसतो. सर येते ती समुद्राकडून, आधी जुहूची बाजू पांढरी होते, मग रनवेचं टोक जातं, आणि सर पुढे सरकली की इकडे स्वच्छ ऊन पडतं आणि डोंगर मात्र वरून कापल्यासारखा अर्धाच दिसतो, पायथा आहे आणि माथा नाही. कधीकधी दहा मिनिटांत तीन वेळा येतो आणि जातो. आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे विमान वाऱ्याला तोंड करून उतरवायचं तर ते पूर्वेकडूनच, डोंगराच्याच बाजूने आणावं लागतं. आज तिथून आयएलएसच्या उतारावर विमान बरोबर उंचीने येतं आणि घाटकोपरच्या लोकांच्या डोक्यावरून जातं, दर दोन-तीन मिनिटांनी, त्यांना त्याचं काही वाटतही नाही. पण १९४९ मध्ये ढगाखालून, खाली मुंबई दिसतेय, खाडी दिसतेय, रस्ते दिसतायत, अशा हवेत विमानतळ शोधणाऱ्या पायलटसाठी तो अर्धा कापलेला डोंगर म्हणजे सगळ्यात वाईट सापळा. डोंगर पूर्ण झाकलेला असता तर पायलट त्या ढगात शिरलाच नसता, पूर्ण उघडा असता तर दिसला असता.

बाहरीनचं एक सांगून थोडं पुढे जातो. १२ जून १९५० ला एअर फ्रान्सचं डीसी-४ सायगावहून कराचीमार्गे पॅरिसला जाताना रात्री बाहरीनला उतरताना समुद्रात गेलं, बावन्नपैकी सेहेचाळीस गेले. दोनच दिवसांनी, १४ जूनला, त्याच मार्गावरचं एअर फ्रान्सचं दुसरं डीसी-४ जवळपास तिथेच समुद्रात गेलं, त्रेपन्नपैकी चाळीस. खराब हवा होती, पण खरं म्हणजे अंधार. खाली काळं पाणी, वर काळं आकाश, पलीकडे विमानतळाचे थोडे दिवे, मधे डोळ्याला धरायला काहीच नाही, आणि अशा वेळी डोळा नेहमी आपण जास्त उंच आहोत असंच सांगतो. दिव्यांकडे बघता बघता अल्टिमीटरकडे लक्ष राहत नाही. चौकशीनंतर बाहरीनला रेडिओची साधनं आणि रनवेच्या आधी अप्रोच लाइट्स लावा अशी शिफारस झाली. हे अप्रोच लाइट्स म्हणजे नुसता उजेड नव्हे. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या कॅल्व्हर्टने १९४० च्या दशकात जी रचना केली त्यात मधे एक ओळ रनवेकडे जाणारी आणि तिला आडव्या पट्ट्या. रात्री विमानात खिडकीशी बसलात तर उतरताना या पट्ट्या बघा. आडव्या पट्ट्या असतात त्या पायलटला क्षितिज मिळावं म्हणून, ढगातून बाहेर पडल्यावर दोन-तीन सेकंदांत त्याला कळतं की पंख समपातळीत आहेत का नाहीत. ऑलबरीच्या लोकांनी मोटारी रांगेत लावल्या तेव्हा त्यांनी नकळत हेच केलं होतं.

शेवटी तुम्ही विचारलंय की मग हे कमी कशाने झालं. रडार आणि आयएलएसने तर झालंच, पण माझ्या अनुभवात दोन गोष्टींनी जास्त. एक, किती उंचीपर्यंत खाली यायचं हे निघायच्या आधी कागदावर ठरलेलं असतं. त्या उंचीला रनवे किंवा त्याचे दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर ताबडतोब वर, तिथे विचार करायचा नाही. शेत दिसतंय, रस्ता दिसतोय हे चालत नाही. पावसाळ्यात पुण्याला हलणाऱ्या टाटांच्या माणसांनी जे मोसमासाठी केलं तेच आता प्रत्येक लँडिंगसाठी केलं जातं. आणि दुसरी, १९७० च्या दशकात कॅनडात जन्मलेल्या डॉन बेटमन या इंजिनिअरच्या कामातून आलेलं जमिनीचा इशारा देणारं यंत्र, जे रेडिओ लहरींनी खालची जमीन थेट मोजतं आणि ओरडून सांगतं की वर घे. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूएचं विमान वॉशिंग्टनजवळ डलेसला उतरताना वादळी हवेत डोंगरावर आदळून ९२ जण गेले, त्यानंतर अमेरिकेत ते सक्तीचं झालं.

आमच्या बाजूचं म्हणाल तर दाबाचा आकडा. खाली येणाऱ्या प्रत्येक विमानाला मी तो द्यायचो आणि पायलटने तो परत म्हणून दाखवायचा असतो. जुलैत एखाद्या दिवशी दाब ९९९ झाला की मी तो जास्तच सावकाश सांगायचो, नाइन नाइन नाइन, कारण वर्षभर एक-शून्य-काहीतरी ऐकायची सवय झालेल्या कानाला तो पटकन पटत नाही. पायलटने परत म्हटलेल्यात एक आकडा जरी अडखळला तरी मी पुन्हा म्हणायला लावायचो, मागे चार विमानं रांगेत असली तरी. ट्रेनी मुलं विचारायची, सर एवढं का, आजकाल सगळं ऑटोमॅटिक असतं. मी त्यांना टॉवरच्या पूर्वेच्या काचेपाशी न्यायचो आणि सर ओसरून डोंगर अर्धा दिसायला लागेपर्यंत तिथेच उभं ठेवायचो.